सात नंबरची भरलेली बाटली

१

फडकं उचललं, तर खाली नुसती काच. काचेमागं पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर काहीच नाही. बासष्ट सालच्या सायकल शर्यतीचा दीड हात रुंद फोटो शुक्रवारी दुपारी त्या फ्रेममध्ये होता, शनिवारी सकाळी नव्हता.

विजयसिंहाचं तोंड उतरलं. नव्या कोला कंपनीची बारामती आणि इंदापूर तालुक्यांची एजन्सी त्याला याच वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली मिळाली होती. सव्वीस वर्षं बंद पडलेली बारामती–इंदापूर शर्यत कंपनी आता आपल्या नावानं पुन्हा भरवणार होती. त्याआधी रविवारी सकाळी दहाला बारामतीच्या या हॉलमध्ये जुन्या शर्यतीच्या वस्तूंचं प्रदर्शन उघडायचं होतं, आणि त्यातला मानाचा फोटो म्हणजे त्याच्या वडिलांचा. भवानीनगरचे बागायतदार आप्पासाहेब हे बासष्टचे विजेते.

विजयसिंहानं पोलिसांच्या आधी गेणबाला बोलावलं.

गेणबाचं स्टँडाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. चोरीची सायकल कुणी रंग बदलून, हँडल बदलून आणली, तरी ट्यूबवरची ठिगळं बघून ती मुळात कुणाची हे तो सांगायचा. अशा वीस-बावीस सायकली त्यानं धरून दिल्या होत्या, आणि त्यामुळं जमादारसुद्धा त्याला नावानं न बोलावता ‘या साहेब’ म्हणायचे.

पण खरं सांगायचं तर फोटो गेल्याचं ऐकून गेणबाच्या पोटात गुदगुल्या झाल्या. बासष्टच्या शर्यतीत तो दुसरा आला होता. दुकानातल्या फळीवर त्याचा पेला अजून होता, चांदीचा मुलामा उडालेला. तेहतीस वर्षं तो पेला रोज पुसायचा आणि रोज जळायचा. आप्पासाहेबांवर जळायचा, कारण कप त्यांच्याकडं. आणि रामभाऊवरही जळायचा, कारण लोक हळूच म्हणायचे की खरा पहिला रामभाऊच. एकाकडं कप आणि दुसऱ्याकडं लोकांची हळहळ. गेणबाकडं यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या नंबरासाठी कोण हळहळतं?

“रामभाऊंचंच काम आहे, गेणबाकाका,” विजयसिंह म्हणाला. “म्हाळसानं बघितलंय.”

हॉल झाडणारी म्हाळसा केरसुणी घेऊन पुढं आली. “काल सहाला आलं व्हतं. हितं एकटंच हुबं व्हतं पाव घंटा. मी तिकडं पानी भरत व्हते.”

गेणबा हॉलभर फिरला. रंगवलेल्या आकड्यांचे बनियन, शिट्टी, पत्र्याचा कर्णा, ‘पावशा सोडा’ अशी पाटी, गोळीच्या बाटल्या. प्रत्येक वस्तूला समोरून हळदीकुंकवाची बोटं लावलेली. आदल्या दिवशी चारला विजयसिंहाची आई कुशाबाई येऊन पूजा करून गेली होती, आणि जाताना तिनंच सगळ्यांवर फडकी टाकली होती.

गेणबानं फ्रेम उतरवून पालथी केली. बारीक चुका वळवून पुठ्ठा काढलेला, मग नीट बसवलेला. एका कोपऱ्यात पिवळं बोट उमटलं होतं. हळद काय, सगळीकडंच होती.

शेजारी पंचांचं रजिस्टर उघडं ठेवलं होतं. त्यातली ओळ गेणबाला पाठ होती. ‘क्र. ७, रामभाऊ. सोडा प्याला नाही. बाटली भरलेली सापडली. बाद.’

“उद्या दहाच्या आत फोटो मिळाला नाही तर मी फिर्याद देणार,” विजयसिंह म्हणाला. “नावानिशी.”

दारात कुणीतरी खाकरलं. रामभाऊची लेक मेघना उभी होती, शाळेत शिकवणारी, हातात अजून वह्यांचा गठ्ठा.

“काका,” ती गेणबाला म्हणाली, “तुम्ही चोर शोधणार, की आमच्या बाबांवर फक्त शिक्का मारणार?”

गेणबानं फ्रेम पुन्हा भिंतीवर टांगली. येताना वाटेत त्यानं मनातल्या मनात शिक्का मारलेलाच होता.

२

मोहनरावांचा सोड्याचा कारखाना म्हणजे आता एक खोली, एक यंत्र आणि सहा क्रेट. अठ्ठावन्न साली सोडा खपावा म्हणून त्यांनीच शर्यत काढली होती. डोक्यातून एक नामी नियमही काढला होता. निम्म्या वाटेवर, लासुर्ण्याच्या थांब्यावर, प्रत्येक गड्यानं पावशा सोड्याची एक बाटली रिकामी करायची. बाटलीच्या गळ्यात त्याच्या नंबराची चिंधी. पंच क्रेट तपासणार. ज्याची बाटली भरलेली, तो बाद. लोक शर्यत कमी आणि सोडा पिणारे गडी जास्त बघायचे, आणि बघता बघता स्वतःही प्यायचे.

“फोटू गेला ते बरं झालं,” मोहनराव म्हणाले. “शर्यत माझी, बाटल्या माझ्या, आनि वर फलक त्या कोल्याचा! माझ्याच अल्बममधली निगेटिव्ह नेली त्या पोरानं आनि पुन्याहून मोठा करून आनला. मला नुसतं ‘सौजन्य’ म्हनून खाली बारीक अक्षरात.”

“म्हंजे तुमीच काढला व्हय?”

“मी? अरं, माझ्या सोड्याची तेवढी एकच खूण भिंतीवर मोठी लागली व्हती. मी कशाला काढीन?”

हे पटण्यासारखं होतं. गेणबानं विचारलं, “फोटूत काय काय व्हतं, सांगा बरं.”

“माझी पाटी. झकास. ‘पावशा’तला शा जरा वाकडा आलाय. खाली क्रेट.”

“आनि मानसं?”

“मानसं असतील की. कोन बघतंय?”

गेणबाला हसू आलं, आणि लगेच थांबलंही. त्यानं स्वतः तो फोटो अल्बममध्ये शंभरदा बघितला होता, आगपेटीएवढा, कडा काळ्या कागदाच्या कोपऱ्यांत खोचलेल्या. त्यात काय होतं? आप्पासाहेब, बाटली तोंडाला लावलेले, दंड पिळदार. बाकी काही आठवेना.

मोहनराव मागून म्हणाले, “अल्बमात कडा दबलेल्या असत्यात, बरं का. मोठ्या फोटूत पार शेवटापातूर आलंय सगळं.”

३

रामभाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. अंगणात बसून तो सायकलची चेन रॉकेलमध्ये धूत होता. छप्पन साली त्याचं घर बौद्ध झालं, तेव्हा तो चौदा वर्षांचा. बासष्टला इंदापुरात तो सगळ्यांच्या अर्धा मैल आधी पोचला आणि तासाभरात बाद झाला. त्या दिवसापासून गेणबा आणि तो एका गावात राहूनही फक्त ‘काय, बरं हाय का’ एवढंच बोलायचे.

“ये. मी चोर हाय का ते बघाया आलास?”

“काल हॉलात कशाला गेला व्हतास?”

“रजिस्टर बघाया. माझं नाव कसं लिवलंय ते कधी बघितलं न्हवतं.”

“आनि फोटू?”

“फडकं व्हतं त्यावर. उचलावं वाटलं. हात धजला न्हाय.” रामभाऊनं चेन झटकली. “तेहतीस वर्सं मी त्या थांब्याच्या फोटूची वाट बघतोय, गेणबा. कुनीतरी काढलाय हे म्हाईत व्हतं. मी चोरीन कशाला? मला तर तो सगळ्यांना दावायचाय.”

“दावायचा? त्यात काय हाय तुझं?”

“मी सोडा प्यालो व्हतो.”

“मग बाटली भरलेली कशी सापडली?”

रामभाऊनं चेन खाली ठेवून त्याच्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर गेणबाला बरं वाटलं असतं.

“पंचांना तवाच सांगितलं. त्यांनी थांबेवाल्याला इचारलं, तो न्हाय म्हनला, मिटलं. आता पुन्यांदा सांगनार न्हाय. तू माझ्या मागनंच थांब्यावर आला व्हतास. मला काय इचारतोस? तुला म्हाईत हाय.”

“मला? मला काय म्हाईत?”

“जा,” रामभाऊ म्हणाला आणि पुन्हा चेनीकडं वळला.

गेणबा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. मला काय ठाऊक? थांब्याचं त्याला एवढंच आठवायचं: गोळी आत पडल्याचा आवाज, नाकात गेलेला गॅस, आणि पुढं निघून गेलेला आप्पाचा बनियन. त्यापुढचं आठवायला गेलं की डोकं दुसरीकडंच पळायचं.

४

बारामती ते भवानीनगर वीसेक किलोमीटर. गेणबानं सायकलच काढली. दोन्ही बाजूला ऊस, पुढं उसाच्या बैलगाड्या, आणि पंचावन्नाव्या वर्षीही आपण दीड तासात येतो याचा त्याला थोडा माज.

आप्पासाहेब ओसरीवर पडले होते. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी, आणि डावा डोळाही धूसर. आठ दिवस घराबाहेर पाऊल नाही. म्हणजे हे सुटले. गेणबाला किंचित वाईटच वाटलं.

“शोधून काढ बाबा,” आप्पासाहेब म्हणाले. “मला तो मोठा केलेला बघायचाय. पट्टी निघाली की.”

“फोटूत काय व्हतं, आप्पासाहेब?”

“मी! बाटली अशी तोंडाला लावलेली. अजून काय पायजे?”

कुशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. लासुर्ण्याची लेक. शर्यतीच्या थांब्यावर बाटल्या द्यायचं काम तिच्या वडिलांकडं, रावजीआबांकडं असायचं. त्याच शर्यतीनंतर दोन महिन्यांत तिचं आप्पासाहेबांशी लग्न झालं होतं.

“वहिनी, काल चारला तुमी हॉलात व्हता. फोटू बघितला असंल.”

“बघितला की. हळदकुंकू लावलं.”

“एकट्याच व्हता?”

“विजू बिल्लं आनाया छापखान्यात गेला व्हता. आंब्याच्या डहाळ्या उरल्या व्हत्या, त्या पिशवीत भरल्या आनि त्येच्या जीपनं आले.”

“काय व्हतं फोटूत?”

तिचा चेहरा मऊ झाला. “आमचं आबा व्हतं. डोक्याला पटका, हातात बाटली, हात असा वर उचललेला. मागं तीस वर्सांत त्येंचा फोटू बघितला न्हवता मी. घरी एकबी न्हाय.”

असं म्हणताना तिनं तांब्या धरलेला हात नकळत खांद्याएवढा वर नेला. मग तो पटकन खाली घेतला आणि ती आत गेली.

गेणबा पाणी प्याला, उठला. तिघांना एकच प्रश्न विचारला होता. प्रत्येकानं फोटोत स्वतःला, आपल्या माणसाला नाहीतर आपल्या पाटीला बघितलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी काहीतरी टोचत होतं, टायरात राहून गेलेल्या काट्यासारखं, आणि तो काटा काढल्याशिवाय बारामतीला जाण्यात अर्थ नव्हता. त्यानं सायकल उलट्या दिशेला, लासुर्ण्याकडं वळवली.

५

थांब्याच्या जागी आता चहाची टपरी होती. साखरबाई नावाची बाई ती चालवायची. गेणबा बाकड्यावर टेकला आणि म्हणाला, “पानी द्या जरा.”

साखरबाईनं पेला सरळ त्याच्या हातात दिला.

गेणबा त्या हाताकडं बघत बसला. वस्तू द्यायची तर हात पुढं येतो, कमरेपाशी. सोड्याची बाटलीही तशीच देतात. रावजीआबांनी त्या दिवशी आप्पाला दिली ती तशीच, गेणबाला दिली तीही तशीच. मग फोटोत आबांचा हात बाटलीसकट खांद्याएवढा वर कशाला?

वरून ओतायला.

वरून कुणाला ओततात? ज्यानं भांड्याला तोंड लावलेलं चालत नाही, त्याला. तो वाकून ओंजळ करतो आणि देणारा वरून धार सोडतो. तेहतीस वर्षांपूर्वी या रस्त्यावरच्या कुठल्याही पाणपोईवर हे दिसायचं, आणि कुणी मान वळवून बघायचंही नाही.

गेणबानं पेला बाकड्यावर ठेवला. गोळीची बाटली परत जाणारी. धुऊन पुन्हा भरायची, पुन्हा कुणाच्यातरी तोंडाला लागायची. रामभाऊचं घर बौद्ध झालेलं आबांना ठाऊक होतं, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या नंबराच्या चिंधीलाही शिवायला नको, म्हणून त्यांनी सात नंबरची बाटली क्रेटमध्ये तशीच ठेवली, दुसरीच एक फोडली आणि ओंजळीत ओतली. पोरगं प्यालं आणि पळालं. इंदापुरात क्रेट उघडलं, तर सात नंबर भरलेली. पंचांनी विचारल्यावर आबांनी कानांवर हात ठेवले. ओतलं म्हटलं असतं तर रामभाऊ पहिला आला असता आणि होणारा जावई दुसरा.

आणि हळद! प्रत्येक वस्तूला समोरून लावलेली. त्या एका फ्रेमला मात्र मागच्या पुठ्ठ्यावर. पूजा करणाऱ्याला फ्रेम पालथी कशाला करावी लागते?

त्यानं पुन्हा भवानीनगर गाठलं. कुशाबाई मागच्या अंगणात होती. गेणबा काही बोलायच्या आधीच तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आत गेली आणि लुगड्यात गुंडाळलेली कागदाची नळी घेऊन आली.

“फाडनार व्हते,” ती म्हणाली. “आबा खोटं बोललं व्हतं हे मला म्हाईत हाय. मरताना बोललं माझ्यापाशी. त्या पोराचा नंबर मी खाल्ला, म्हनलं. फोटू बघितला आनि समजलं, आता सगळ्या गावाला दिसनार. पन फाडता येईना. दुसरा फोटूच न्हाय त्येंचा.”

गेणबानं नळी उलगडली. डाव्या कडेला, अल्बममध्ये दबलेल्या भागात, रामभाऊ वाकलेला होता. वीस वर्षांचा, बनियनवर ठसठशीत सात. ओंजळ भरून सोडा सांडत होता. वर आबांचा हात.

आणि त्या दोघांच्या मागं, चार हातांवर, आणखी एक जण बाटली तोंडाला लावून उभा होता. बनियनवर चार. बाटली कलती, पण डोळे बाटलीवर नव्हते. सरळ त्या ओंजळीवर होते.

चार नंबर गेणबाचा होता.

“तुमीबी हायसा त्यात,” कुशाबाई हळू म्हणाली. “मी दडवला तर आबांचं झाकलेलं ऱ्हाईल. आनि तुमचा दुसरा नंबरबी. बघा, भावजी. तुमी सांगाल तसं.”

६

नळी कॅरियरला बांधून गेणबा निघाला. कालव्याच्या पुलावर त्यानं सायकल थांबवली. पाणी भरून चाललं होतं. एक हात हलवला असता तर काम झालं असतं.

इंदापुरात त्या दिवशी रामभाऊ पंचांसमोर ओरडत होता, ‘प्यालो, प्यालो मी.’ गेणबा दहा हातांवर उभा होता. पंच म्हणाले, सात बाद, बारा पहिला, चार दुसरा. ‘चार दुसरा’ ऐकलं आणि गेणबाच्या तोंडाला कुलूप बसलं. पुढं ते कुलूप इतकं गंजलं, की आत काय ठेवलंय हे त्याचं त्यालाही सांगता येईना. तेहतीस वर्षं तो पहिल्या नंबरासाठी जळत होता, आणि दुसरासुद्धा त्याचा नव्हता.

नळी कॅरियरवरच राहिली.

रविवारी दहाला हॉल भरला. टाय लावलेले साहेब, हार, लाल फलक. विजयसिंह फिर्यादीचा कागद खिशात घेऊन उभा. मेघना वडिलांना घेऊन आली होती. तो येणार नाही म्हणत होता, तिनं ऐकलं नाही. आप्पासाहेब डोळ्याच्या पट्टीसकट आले होते, कुशाबाईचा हात धरून. तिनं त्यांना सकाळीच सगळं सांगितलं होतं.

गेणबानं फडकं उचललं. फोटो जागेवर होता.

“चोर सापडला,” तो म्हणाला. “फोटू कुनी नेला ते सोडा, त्यो परत आलाय. चोरी बासष्ट सालची हाय. सात नंबर सोडा प्याला व्हता. हे बघा, वंजळीनं. त्येला बाटली दिलीच न्हाय, म्हनून भरलेली ऱ्हायली. आनि ह्यो चार नंबर, ह्यो सगळं बघतोय. ह्यो मी. मी तवा बोललो न्हाय, कारन मला दुसरा नंबर पायजे व्हता.”

त्यानं पिशवीतून मुलामा उडालेला पेला काढला आणि टेबलावर ठेवला. “मी तिसरा.”

कंपनीचे साहेब एकमेकांकडं बघायला लागले. आप्पासाहेब फोटोच्या अगदी जवळ गेले, उघड्या डोळ्यानं नाक टेकेल इतके. मग म्हणाले, “मला वाटायचं, त्येनं खरंच पिला नसंल. वाटायचं म्हंजे, वाटून घ्यायचो.” आणि टेबलावर मांडलेला आपला कप त्यांनी स्वतःच्या हातानं सात नंबरच्या बनियनपुढं सरकवला.

रामभाऊ फोटोसमोर उभा होता. वीस वर्षांच्या त्या पोराकडं बघत होता. कपाकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही.

मोहनरावांनी हट्टानं पावशा सोड्याचं एक क्रेट आणून ठेवलं होतं. गेणबानं त्यातली एक बाटली उचलली, अंगठ्यानं गोळी दाबली. फट्ट आवाज झाला. बाटली त्यानं रामभाऊपुढं धरली, कमरेपाशी, सरळ.

रामभाऊनं ती घेतली. अर्धी प्याला, संथपणे, सगळ्यांच्या देखत. मग तोंड न पुसता तीच बाटली गेणबाच्या पुढं केली.

“घे. उष्टी हाय.”

गेणबानं बाटली तोंडाला लावली. गॅस नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तो थांबला नाही. बाटली उलटी करून त्यानं क्रेटमध्ये ठेवली.

विजयसिंह रजिस्टरजवळ पेन घेऊन उभा होता, काय करावं न कळून. “रामभाऊकाका,” तो चाचरत म्हणाला, “हे... इथं काय लिहू?”

“काय लिवायचं?” रामभाऊ म्हणाला. “लिव्ह. सात नंबर. बाटली रिकामी.”